आईचं कथील

आमच्या घरात शिसं ओवळं होतं. हे ऐकून माझी लेक हसते, पण खरंच सांगते. आईनं स्वतः सोवळंओवळं कधी पाळलं नाही. पुण्यात सासूच्या देखत तिनं ते धाब्यावर बसवलं होतं, मग न्यूझीलंडला आल्यावर तर विचारूच नका. पण मी शेजारच्या नोएलीनकडे बंदुकीच्या गोळ्या ओतायला जायला लागले, आणि शिसं हाताला लागतं अन् हातावाटे पोटात जातं असं नोएलीननं कुंपणापाशी उभं राहून आईला बजावलं, तेव्हा आईनं आपल्या सासूचे सगळे नियम एकेक करून परत आणले. नोएलीनच्या शेडमध्ये घालायचे कपडे वेगळे, ते आमच्या गॅरेजमधल्या खुंटीवर. मागच्या दाराच्या नळावर कोपरापर्यंत हात धुवायचे, तोंड धुवायचं, मग अंघोळ, मग स्वयंपाकघर. लोणच्याच्या बरणीला मी हातच लावायचा नाही, कोणी तरी वाढेल. "सासूबाईंना कारण सांगता यायचं नाही, म्हणून पटायचं नाही," आई म्हणायची. "इथं कारण आहे."

आम्ही पुकेकोहे गावाच्या कडेला राहत होतो. घराच्या मागे कांद्याची वावरं, लाल माती, आणि काढणीच्या दिवसांत सगळ्या हवेला कांद्याचा वास. आईला तो वास फार आवडायचा. बाबा ओटाहुहुला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये होते. सकाळी अंधारात निघायचे आणि पाचाच्या पुढे यायचे. मराठी घरं तेव्हा बोटांवर मोजण्याइतकी, तीही लांब लांब. शाळेतून आलं की मी आणि आई दोघीच. आई दिवसभर कोणाशी बोललेली नसायची, त्यामुळे मी बसमधून उतरले की तिचं सुरू व्हायचं ते बाबा येईपर्यंत. मी एकुलती एक, चौदा वर्षांची, आणि मला बोलायचं नसायचं. तेव्हा ते ओझं वाटायचं. आता ती नाही, आणि मी मराठीतून विचारलेल्या प्रश्नाला माझी लेक इंग्रजीत एका शब्दाचं उत्तर देते, तेव्हा आईची फार आठवण येते.

नोएलीन पलीकडच्या घरात एकटी राहायची. साठीची, उंच, कायम गमबूट. आयुष्यभर शाळेची बस चालवलेली, त्यामुळे आवाज असा की कुजबुजली तरी रस्त्यापर्यंत ऐकू जावं. तिच्याकडे तिच्या थोरल्या भावाची रायफल होती. बाबांनी पाहिल्याबरोबर ओळखली. "ही थ्री-नॉट-थ्री. आमच्या चौकीतल्या हवालदाराच्या खांद्याला असायची." दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारनं अशा रायफली स्वस्तात विकून टाकल्या होत्या, आणि नोएलीनच्या भावानं स्वयंपाकघराच्या टेबलावर करवत घेऊन तिचं पुढचं अर्धं लाकूड कापून टाकलं, नळी थोडी आखूड केली, कुंद्याला मागे रबर लावलं आणि हरणांच्या शिकारीला न्यायला सुटसुटीत केली. जुन्या वस्तू जमवणारे लोक अशा कापलेल्या रायफलीकडे बघून हळहळतात. बाबाही हळहळले. नोएलीन म्हणाली, "माझ्या भावाला मिरवायची नव्हती, खांद्यावर घेऊन डोंगर चढायचा होता."

ती विकतच्या गोळ्या झाडत नसे. त्या महाग, शिवाय धक्का जोराचा, आणि तिचा खांदा दुखायचा. ती शिशाच्या गोळ्या स्वतः ओतायची आणि दारू अगदी बेतानं भरायची. दारूचं माप ती एकटीच करी, मला त्या टेबलापाशी फिरकूही देत नसे. माझं काम ओतण्याचं. टायरवाल्याकडून चाकाला लावायची जुनी शिशाची वजनं डबाभर आणायची, ती लोखंडी भांड्यात वितळवायची, वर आलेला मळ पळीनं काढायचा. मग दोन फाळ्यांचा साचा मिटायचा, पळीनं शिसं ओतायचं, मनात पाच म्हणायचं, लाकडी दांडक्यानं वरची पट्टी टक्कन ठोकून जास्तीचं शिसं तोडायचं आणि साचा उघडून गोळी जुन्या टॉवेलवर पाडायची. टक्, आणि मग टॉवेलवर मऊ धप्. अजूनही कुठं तसा आवाज आला की मला पंधरावं वर्ष आठवतं. साचा थंड असला तर गोळीला सुरकुत्या पडायच्या, म्हाताऱ्या माणसाच्या गालासारख्या. त्या परत भांड्यात. पहिल्या महिन्यात माझ्या दहातल्या आठ परत भांड्यात जायच्या आणि नोएलीन म्हणायची, "नो रश, लव्ह. शिसं कुठं पळून जातंय?"

गोळीला लावायचं वंगण मेण घालून केलेलं असायचं. ते काय आहे हे बाबांनी अगदी गंभीरपणे विचारलं. आमच्या इतिहासाच्या पुस्तकात काडतुसांच्या चरबीवरून केवढा भडका उडाला होता ते त्यांनी नोएलीनला पंधरा मिनिटं समजावून दिलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की यात मधमाश्यांचं मेण आहे आणि मेंढीच्या लोकरीतून निघणारा स्निग्ध अंश आहे, मेंढी जिवंत राहते. बाबांचं समाधान झालं. आई पोळ्या करता करता म्हणाली, "मेंढीला विचारलंत का?"

नोएलीनच्या नेमबाजी क्लबाची रेंज डोंगराच्या पोटाशी होती. नोएलीन तिच्या जुन्या गाडीतून मला न्यायची. मला परवाना नव्हता, वयही नव्हतं, त्यामुळे मी रायफल हातात घेतली की ती माझ्या उजव्या खांद्याशी हातभर अंतरावर बसलेली असायची आणि तिचं लक्ष माझ्या बोटावर असायचं. कानावर आवाज अडवणारे मफ, पुढे शंभर यार्डांवर पांढरा कागद, त्यामागे मातीचा बांध. गोळी आत सारणारा बोल्ट वर, मागे, पुढे, खाली. त्या घासून घासून गुळगुळीत झालेल्या बोल्टसारखी सरळ चालणारी दुसरी गोष्ट माझ्या आयुष्यात तेव्हा नव्हती. शाळेत मी धड इथली नव्हते, धड तिथली नव्हते. डब्यातल्या भाजीचा वास येतो म्हणून मी शाळेच्या जिन्याखाली जेवत असे. रेंजवर मात्र मी जिथं नेम धरला तिथं भोक पडत होतं आणि ते भोक कोणाच्या मतावर अवलंबून नव्हतं. क्लबात वर्षातून एकदा फक्त घरी ओतलेल्या गोळ्यांची स्पर्धा असायची, प्रत्येकी वीस गोळ्या, आणि पहिल्या तिघांची नावं खडूनं फळ्यावर लिहायचे, ती वर्षभर तशीच राहायची. मला त्या फळ्यावर माझं नाव हवं होतं. इतकं हवं होतं की दुसरं काही डोक्यात शिरत नव्हतं.

आणि स्पर्धेच्या तीन आठवडे आधी आमच्या गोळ्या बिघडल्या. नव्या डब्यातलं शिसं कसलं होतं कोण जाणे, साचा कितीही तापवा, गोळीच्या कडा बोथट यायच्या. बोथट बुडाची गोळी सरळ जात नाही. नोएलीननं चष्मा लावून एक गोळी बराच वेळ फिरवून पाहिली. "चिमूटभर कथील हवं यात. म्हणजे साच्याच्या कानाकोपऱ्यात भरतं. माझं संपलंय. पुढच्या महिन्यात बघू." पुढच्या महिन्यात स्पर्धा होऊन गेलेली असणार होती. आणि कथील कुठं आहे ते मला माहीत होतं.

आईकडे एक पितळेचं पातेलं होतं, तिच्या आईचं. माझ्या आजीनं लग्नात बरोबर दिलेलं. पुण्याहून येताना वजन जास्त झालं म्हणून बाबांनी आपले बूट काढून ठेवले, पण पातेलं आलं. त्यात केलेल्या आमटीची चव स्टीलच्या भांड्यात येत नाही असं आईचं म्हणणं, आणि ते खरं होतं. पण पितळेच्या भांड्याला आतून कल्हई लागते, नाहीतर अन्न कळकतं. इथं कल्हईवाला कुठून येणार? म्हणून तिनं निघताना तांबट आळीतून वीतभर लांबीची कथलाची तिधारी कांडी आणि नवसागराची पुडी आणून ठेवली होती. कल्हई उडाली तेव्हा बाबा म्हणाले, मी इंजिनिअर आहे, त्यात काय, येत्या रविवारी करून देतो. तो रविवार चार वर्षं उजाडला नाही. "बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात," असं म्हणून आईनं पातेलं कपाटावर ठेवलं आणि कांडी मसाल्यांच्या डब्यामागे, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून. मधल्या काळात आजी गेली. फोन आला तेव्हा तिकीट मिळून पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असणार होतं, म्हणून आई गेलीच नाही. ती रडलीही नाही. त्या दिवशी तिनं घरातले सगळे पडदे धुतले.

मी कांडी घेतली. नोएलीनला सांगितलं, आईनं दिली. ती म्हणाली, तुझ्या आईला माझे आभार सांग. मी सांगितले नाहीत. भांड्यात कथील टाकल्यावर शिशावर एकदम चांदीसारखी झळाळी आली, आणि पहिलीच गोळी साच्यातून पडली ती अशी की बुडाच्या कडेनं बोट कापावं. दोन संध्याकाळींत आम्ही दोनशे गोळ्या ओतल्या, आणि कांडी संपली. आता चोराच्या मनात चांदणं. आई दालचिनी काढायला त्या डब्याला रोज हात लावायची. मग मी जे केलं ते ओतकाम येणारी मुलगीच करू शकते. नोएलीन आत चहा करायला गेली असताना मी शेडमधला लोखंडी कोनाचा, काटकोनात वाकवलेल्या पट्टीचा, एक तुकडा खाच वर करून आडवा ठेवला आणि त्याच्या खाचेत गोळ्यांसाठी वितळवलेलं शिसं ओतलं. तिधारी कांडी तयार झाली. कागदात गुंडाळून मसाल्यामागे ठेवली. बाबांच्या हातात पडली असती तर वजनावरून त्यांनी क्षणात ओळखली असती, पण बाबांचा रविवार येणार नव्हता याची मला खात्री होती. फार हुशार समजत होते मी स्वतःला.

स्पर्धेत मी तिसरी आले. एकोणीस गोळ्या तळहाताएवढ्या जागेत गेल्या. विसावी झाडताना मला नाव फळ्यावर दिसायला लागलं, बोट घाईत ओढलं गेलं आणि ती कागदाच्या बाहेर मातीत गेली. तरी तिसरी. खडू हातात घेतलेल्या माणसानं माझं आडनाव तीनदा विचारलं आणि तरी चुकीचं लिहिलं. नोएलीननं परतताना मला वाटेतल्या डेअरीतून आइस्क्रीम घेऊन दिलं. मी आनंदात होते. खोटं कशाला सांगू, मला कथलाची आठवणही नव्हती.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी आजीचं वर्षश्राद्ध आलं. श्राद्ध पुण्यात मामा करणार होता. आईला फक्त तांदळाची खीर करायची होती, आजीच्या पातेल्यात. हे तिनं आदल्या रात्री जेवताना सांगितलं होतं. बाबा म्हणाले, "अगं, कल्हई कुठाय त्याला? येत्या रविवारी..." आईनं ताटं उचलायला घेतली. मी माझ्या नादात होते, मी ऐकलं आणि सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर अंगणात नवसागराचा नाकात झोंबणारा वास होता. गॅसची शेगडी बाहेर काढलेली, शेजारी कापसाचे काळे बोळे, आणि आतून उकळत्या दुधाचा, वेलदोड्याचा वास. आई दारात उभी होती. तिला इतकी खूश मी त्या देशात कधी पाहिली नव्हती. "तुझ्या बाबांच्या रविवारची वाट बघत बसले असते तर माझं श्राद्ध आलं असतं. मी केली कल्हई. लहानपणी तासन्‌तास बघत बसायचे मी आमच्या आळीतल्या कल्हईवाल्यासमोर, हाताला आपोआप आठवलं." मी आत गेले. पातेलं आतल्या शेगडीवर होतं, आतून करडं चमकत होतं, आणि त्यात खीर. "जरा काळपट आली," आई म्हणाली. "फडकंसुद्धा काळं होत होतं. लबाड कल्हईवाले कथलात शिसं मिसळतात ना, तेव्हा असं होतं. म्हटलं, जुनी कांडी, त्यामुळे असेल."

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. साडेतीन वाजले होते. बाबा येईपर्यंत दीड तास मी त्या घरात गप्प बसले. आईनं आजीचा फोटो पुसला, पुढे वाटी ठेवली, मला आजीच्या गोष्टी सांगितल्या. आजीला खिरीत जायफळ चालायचं नाही, आजी उभ्यानं चहा प्यायची, आजीनं एकदा मामाला चिंचेच्या झाडाला बांधून ठेवलं होतं. ती बोलत होती आणि मी हं हं करत होते आणि मनात हिशेब चालला होता की एका वाटीनं काय होतंय. एकदाच तर खायची आहे. मग कांडी कशी तरी बदलता येईल. कुणाला कळणार आहे? हे सगळं मी विचार करून, शुद्धीत राहून, स्वतःच्या आईबापांच्या बाबतीत करत होते. आज मला नातवंडं व्हायची वेळ आली, पण त्या दीड तासाबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही.

बाबा आले, हातपाय धुऊन बसले. आईनं तीन वाट्या वाढल्या. पहिली माझ्यापुढे ठेवली. "तू आधी घे. तुझ्यावर फार जीव होता तिचा." मी चमचा उचलला. खरंच सांगते, मी खाल्ली असती. पण बाबा भुकेले होते, त्यांनी वाटी सरळ तोंडाला लावायला उचलली, आणि माझ्या तोंडून निघालं, "बाबा, नको. त्यात शिसं आहे."

बाबांना काही कळेना. मी सगळं सांगितलं, कांडी, गोळ्या, लोखंडी कोन, सगळं. रडत नव्हते, भरभर बोलत होते. आईनं मधे एकच विचारलं, "तू काही चाटलंस का?" मी नाही म्हणाले. तिनं बाबांच्या हातातली वाटी घेतली, माझ्यापुढची घेतली, स्वतःची आणि फोटोपुढची घेतली, आणि चारही पातेल्यात परत ओतल्या. बाबांनी परसात खोल खड्डा खणला, पक्ष्यांनी उकरून खाऊ नये म्हणून, आणि खीर त्यात पुरली. नंतर पातेलं उजेडात धरून त्यांनी बराच वेळ पाहिलं. म्हणाले, घासून वरचं निघेल, पण पितळेत मुरलंय ते निघालं की नाही याची खात्री मी देऊ शकत नाही. "राहू दे," आई म्हणाली. तिनं स्टीलच्या भांड्यात पुन्हा दूध तापत ठेवलं. पातेलं तिनं स्वतःच्या हातानं गॅरेजमध्ये नेऊन माझ्या शिशाच्या कपड्यांखाली ठेवलं.

नंतरचे अकरा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मारलं नाही, ओरडली नाही. जिची बडबड मला नकोशी होती ती आई घरात मुक्यानं वावरत होती. माझं ताट झाकून ठेवलेलं असायचं, मी एकटीनं जेवायचं. नोएलीनला बाबांनी सांगितलं. ती गमबूट दाराबाहेर काढून आत आली, आईसमोर बसली आणि म्हणाली, मी विचारायला हवं होतं, माझी चूक झाली. आईनं तिला चहा दिला आणि आपल्या इंग्रजीत सांगितलं, "नॉट युवर फॉल्ट. माय डॉटर इज एक्स्पर्ट." नोएलीन जाताना मला म्हणाली, "तुझी मम् हो म्हणेपर्यंत शेडमध्ये यायचं नाही, लव्ह." ते मला योग्यच वाटलं. शेड नको होती, फळा नको होता. मला फक्त आईनं बोलायला हवं होतं.

बाराव्या दिवशी संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. ती पाठमोरी, पोळ्या लाटत होती. न वळता तिनं विचारलं, "किती झाडल्यास माझ्या कथलाच्या?"

"वीस. बाकीच्या शेडमध्येच आहेत."

लाटणं चालूच होतं. "लागल्या तरी का?"

"एकोणीस लागल्या."

"आणि विसावी?"

"चुकली. कागदाच्या बाहेर गेली. घाई केली मी."

आई वळली. हाताला पीठ, तोंड थकलेलं. "वीस म्हणाली असतीस तरी मला कुठं कळणार होतं?" ती म्हणाली. "बस. पान घेते."

तिनं तव्यावरची गरम पोळी माझ्या ताटात वाढली, गॅस बंद केला, माझ्यासमोर बसली आणि आजी गेल्यानंतर पहिल्यांदाच रडली. मी उठायला लागले तर तिनं हातानं खाली बसवलं आणि म्हणाली, जेव, गार होईल. म्हणून मी जेवत राहिले.